हेलियमचा दुष्काळ, टंकणखाराचा आधार

२००८ सालच्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्समधल्या एका कारखान्यात लिफ्टची बटणे किरणोत्सारी निघाली. बटणे हाताळणाऱ्या कामगारांपैकी वीस जणांना एक ते तीन मिलिसिव्हर्ट इतकी मात्रा मिळाली होती. किरणोत्साराशी ज्याच्या कामाचा संबंध नाही अशा माणसासाठी वर्षाची मर्यादा एक मिलिसिव्हर्टची असते. तेव्हा ही मात्रा जीवघेणी नव्हती, पण कानाडोळा करावा अशीही नव्हती. तिथल्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने घटना आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर दुसऱ्या पायरीची ठरवली. बसवून झालेली बटणे लिफ्टमधून काढावी लागली. बटणांच्या पोलादात कोबाल्ट-६० मिसळले गेले होते आणि ते पोलाद भारतातून आले होते. आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने एकेका व्यापाऱ्याच्या पावलांवरून मागे जात शोध घेतला, तेव्हा माग येऊन थांबला तो खोपोलीच्या एका ओतशाळेशी.

कोंडाण्यात राहणाऱ्याला खोपोली म्हणजे शेजार. टाटांनी १९१५ मध्ये घाटावरचे पाणी खाली सोडून तिथे वीज केली ती मुंबईच्या गिरण्यांसाठी. पुढे वीज, रेल्वे आणि घाटरस्ता तिन्ही हाताशी असल्यामुळे पोलादाचे कारखाने आले. भट्टी म्हटली की भंगार आले. हे भंगार कुठून येते याचा विचार आमच्याकडे कोणी फारसा करत नाही. फुटकी यंत्रे, जुन्या सळ्या, मोडीत काढलेली जहाजे, परदेशातून कंटेनर भरून आलेले तुकडे, सारे एकाच ढिगात पडते. त्या ढिगात रुग्णालयातल्या कर्करोगाच्या जुन्या यंत्राचे पोट असले तर ते दिसायला इतर लोखंडासारखेच असते.

समुद्रावरून आलेला माल या डोंगरांतून वर नेण्याची रीत जुनी आहे. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांतला माल सह्याद्रीच्या खिंडींनी घाटमाथ्यावर चढे आणि कोंडाण्याची लेणी त्या वाटांच्या आधारानेच उभी राहिली. नाणेघाटातला दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखवतात. आज न्हावा-शेव्याचे कंटेनर पनवेल-कर्जत लोहमार्गाने घाटाला लागतात किंवा खालापूरच्या टोलनाक्यावरून द्रुतगती मार्गाने वर जातात. जकात घेणाऱ्याला पोती उघडून पाहता येत होती. आता दाराशी असा पहारेकरी लागतो, ज्याला बंद कंटेनरच्या आतले, डोळ्यांना कधीच न दिसणारे काही कळेल. असे पहारेकरी बनवण्याची गोष्ट मला गेली काही वर्षे खुणावते आहे, आणि तिचा एक मोठा तुकडा आपल्याच मुलखात, ट्रॉम्बेला घडलेला आहे.

या पहाऱ्याची सुरुवात अपघाताने झाली. मेक्सिकोतल्या हुआरेझ गावी एका रुग्णालयाचे वापरात नसलेले यंत्र भंगारात गेले, त्यातले कोबाल्टचे बारीक दाणे लोखंडात वितळले आणि त्या लोखंडाच्या बांधकामाच्या सळ्या झाल्या. जानेवारी १९८४ मध्ये अशा सळ्या घेऊन जाणारा एक ट्रक अमेरिकेतल्या लॉस अलामॉस अणुप्रयोगशाळेच्या आवाराजवळून गेला आणि तिथली धोक्याची घंटा वाजली. ती घंटा बसवली होती प्रयोगशाळेतून काही बाहेर जाऊ नये म्हणून. तिने पकडले ते बाहेरून आलेले. त्यानंतर पोलाद कारखान्यांच्या दारांवर किरणोत्सार मोजणारे खांब बसू लागले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर आणखी एक भीती शिरली. १० ऑगस्ट १९९४ रोजी मॉस्कोहून म्युनिकला उतरलेल्या विमानातल्या सामानात ३६३ ग्रॅम प्लुटोनियम सापडले. ११ सप्टेंबर २००१ नंतर तर अमेरिकेने आपल्या बंदरांवर आणि सीमांवर असे हजाराहून अधिक खांब उभे केले.

या खांबांमध्ये दोन वेगळी यंत्रे असतात आणि त्यांतला फरक समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. पहिले यंत्र गॅमा किरणांचे. प्लास्टिकची मोठी पाटी असते, तिच्यात गॅमा किरण शिरला की अंधुक प्रकाश लुकलुकतो आणि तो मोजला जातो. खोपोलीच्या पोलादासारखी गोष्ट पकडायला हेच लागते, कारण कोबाल्ट-६० गॅमा किरण सोडते, न्यूट्रॉन नाही. पण गॅमा किरण जगात सगळीकडे आहेत. पोटॅश खताची गोणी, ग्रॅनाइटच्या फरश्या, चिनी मातीची भांडी, नुकतीच किरणोत्सारी औषधाने तपासणी झालेला रुग्ण, यांतले कोणीही गेले तरी काटा हलतो. पावसाची पहिली मोठी सर आली की हवेतल्या रेडॉनपासून झालेले कण पाण्याबरोबर जमिनीवर उतरतात आणि तेवढा वेळ गॅमाची पातळी चढते. आमच्याकडच्या जूनमध्ये या यंत्राजवळ बसणाऱ्या माणसाची काय तारांबळ उडत असेल याची कल्पना करून पाहावी. शिवाय गॅमा किरण शिशाने अडवता येतात. जाड शिशाच्या पेटीत ठेवलेला माल गुपचूप निघून जाऊ शकतो.

म्हणून दुसरे यंत्र, न्यूट्रॉनचे. प्लुटोनियममध्ये प्लुटोनियम-२४० हा समस्थानिक असतोच आणि त्याच्या एका ग्रॅममधून सेकंदाला सुमारे हजार न्यूट्रॉन आपोआप बाहेर पडतात. शिसे त्यांना जवळजवळ अडवत नाही. आणि न्यूट्रॉन निसर्गात फार थोडे: आकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे समुद्रसपाटीला चौरस मीटरला सेकंदाला शंभराच्या आसपास. तेलविहिरींची तपासणी करणारे किंवा रस्त्याच्या भरावातला ओलावा मोजणारे असे थोडेच कायदेशीर व्यवसाय न्यूट्रॉनचा उगम जवळ बाळगतात. त्यामुळे कंटेनरमधून न्यूट्रॉन आला तर थांबवून विचारायला कारण असते. अर्थात हे यंत्रही फसते. मोठ्या लोखंडी वजनावर वैश्विक किरण आदळून त्यातून जादा न्यूट्रॉन निघतात, म्हणजे पोलादाने भरलेला कंटेनर उगाचच थोडा संशयास्पद वाटतो. आणि समृद्ध युरेनियममधून न्यूट्रॉन इतके थोडे येतात की या यंत्राला ते बहुधा कळतच नाहीत. जाहिरातीत ही गोष्ट बारीक अक्षरांत असते.

न्यूट्रॉनला विद्युतभार नाही. त्यामुळे तो तारेत, वायूत, पाटीत स्वतःहून कसलीच खूण सोडत नाही. चॅडविकने १९३२ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत तो शोधला तेव्हा न्यूट्रॉन मेणावर आदळून मेणातले प्रोटॉन बाहेर फेकतो, हीच त्याची ओळख ठरली. तरुण होमी भाभा त्या वेळी त्याच प्रयोगशाळेत संशोधन करत होते. १९३४ च्या ऑक्टोबरमध्ये रोममध्ये एन्रिको फर्मीला आढळले की मेणातून गेलेला न्यूट्रॉन मंद होतो आणि मंद झाला की अणुकेंद्रकांना फार सहज सापडतो. बंदरावरच्या खांबात नळ्यांभोवती पॉलिथिनचे जाड ठोकळे असतात ते यासाठीच. हायड्रोजनने भरलेल्या या ठोकळ्यांत टपल्या खात न्यूट्रॉन दमतो आणि मग नळीत शिरतो. नळीत असे द्रव्य हवे, जे दमलेला न्यूट्रॉन गिळेल आणि गिळताच भार असलेले तुकडे बाहेर टाकेल, म्हणजे तारेत विजेचा ठोका पडेल. असे काम नीट करणारी द्रव्ये मोजकी आहेत. हेलियम-३, बोरॉन-१० आणि लिथियम-६ ही त्यांतली मुख्य.

न्यूट्रॉन गिळण्याची ताकद ज्या एककात मोजतात त्याचे नाव बार्न, म्हणजे धान्याचे कोठार. अणुकेंद्रकाच्या मानाने तो आकार कोठाराएवढा मोठा, असा शास्त्रज्ञांचा विनोद. मंद न्यूट्रॉनसाठी हेलियम-३ चे माप ५,३३० बार्न, बोरॉन-१० चे ३,८४० आणि लिथियम-६ चे ९४०. हेलियम निर्धोक वायू, विषारी नाही, गंजवत नाही. गॅमा किरणांनी फारसा गोंधळत नाही. दाब वाढवून नळीत जास्त भरता येतो. त्यामुळे १९८० नंतर जगाने हळूहळू बोरॉनच्या जुन्या नळ्या बाजूला ठेवल्या आणि हेलियम उचलला. हा हेलियम येत होता कुठून, हे मात्र बहुतेकांनी विचारले नाही.

तो येत होता बाँबमधून. फुग्यात भरतात तो हेलियम-४. त्यात हेलियम-३ नगण्य असतो. वर्तमानपत्रांत चंद्रावरच्या हेलियम-३ च्या खाणींची वर्णने अधूनमधून येतात, ती तूर्त दिवाळी अंकांतल्या विज्ञानकथांसाठीच ठीक. पृथ्वीवर वापरण्याजोगा हेलियम-३ मिळतो तो ट्रिटियम या जड हायड्रोजनच्या ऱ्हासातून. ट्रिटियमचा अर्धायुकाल १२.३ वर्षे, आणि हायड्रोजन बाँबला तो लागतो. बाँबमधला ट्रिटियम क्षीण होत जातो म्हणून तो काढून शुद्ध करावा लागतो आणि शुद्ध करताना जो हेलियम-३ वेगळा होतो तो टाकाऊ माल. अमेरिकेने ही टाकाऊ वस्तू स्वस्तात विकली, लिटरला शंभर डॉलरच्या आसपास. गंमत अशी की नळीत न्यूट्रॉन गिळल्यावर हेलियम-३ पुन्हा ट्रिटियमच होतो. लेकाच्या पोटी बाप जन्माला यावा तसे.

शीतयुद्ध संपले, शस्त्रे कमी झाली. अमेरिकेने ट्रिटियमचे उत्पादन १९८८ मध्येच थांबवले होते. जुन्या साठ्याचा ऱ्हास चालू असल्याने हेलियम मात्र येत राहिला आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या कोठीत सुमारे २ लाख ३५ हजार लिटर जमला. वर्षाला भर पडत होती ती जेमतेम ८ हजार लिटरची. बंदरांच्या खांबांनी ही कोठी उपसायला सुरुवात केली. २०१० पर्यंत साठा ५० हजार लिटरच्या खाली आला आणि भाव लिटरला दोन हजार डॉलरच्या घरात गेला. विकणारे खाते वेगळे, खरेदी करणारे खाते वेगळे, आणि दोघांनी मिळून पिंप किती भरले आहे ते वाकून पाहिले नाही. २००९ मध्ये अमेरिकन सरकारने दारावरच्या खांबांना हेलियम-३ देणेच बंद केले. २२ एप्रिल २०१० रोजी तिथल्या संसदेच्या एका उपसमितीने या टंचाईवर सुनावणी घेतली.

या दुष्काळाची झळ पहारेकऱ्यांपेक्षा इतरांना जास्त लागली. हेलियम-३ लागतो अतिशीत तापमानाच्या प्रयोगांना. हेलियमच्या दोन समस्थानिकांचे मिश्रण वापरून निरपेक्ष शून्याच्या काही सहस्रांश अंशांजवळ पोचता येते. फुप्फुसांच्या चुंबकीय चित्रणातही तो वापरला जात होता. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुद्ध बिस्मथ ०.५३ मिलिकेल्व्हिनखाली अतिवाहक होतो हे दाखवले आणि २०१६ च्या अखेरीस ते प्रसिद्ध झाले. त्या थंडीच्या तळाशीही हेलियम-३ च आहे. कोणत्या लिटरचे काय करायचे हा प्रश्न म्हणजे नुसता हिशेबाचा प्रश्न नव्हता. क्वचित येणाऱ्या किंवा कधीच न येणाऱ्या पाहुण्यासाठी दाराशी ठेवलेला वायू आणि रोजच्या विज्ञानाला लागणारा वायू एकच होता.

त्याच एप्रिल महिन्यात दिल्लीत मायापुरीच्या भंगारबाजारात माणसे आजारी पडली. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने १९६८ मध्ये कॅनडाहून घेतलेले एक गॅमा यंत्र १९८५ पासून पडून होते; फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात गेले. भंगारवाल्यांनी ते फोडले. त्यातही कोबाल्ट-६० होते. एक माणूस २६ एप्रिलला गेला, इतरांना रुग्णालयात ठेवावे लागले. वॉशिंग्टनमधली सुनावणी आणि मायापुरीतला मृत्यू यांच्यात चार दिवसांचे अंतर आहे. एका ठिकाणी न्यूट्रॉन ऐकणाऱ्या यंत्राची चिंता, दुसऱ्या ठिकाणी साधे गॅमा मोजणारे यंत्रही त्या गल्लीत वेळेवर नव्हते. मला हे दोन दिवस शेजारी ठेवल्याशिवाय या विषयावर लिहिता येत नाही.

हेलियमला पर्याय शोधायचे म्हणजे मागे वळून पाहायचे होते. अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने जे प्रकार तपासले त्यांत बोरॉन ट्रायफ्लोराइड वायूच्या नळ्या होत्या, आतून बोरॉनचा लेप दिलेल्या नळ्या होत्या, लिथियम मिसळलेल्या काचेचे तंतू होते, आणि लिथियम-६ व झिंक सल्फाइडचा थर दिलेले प्लास्टिक होते. यांतले पहिले दोन प्रकार आजोबांच्या वयाचे. बोरॉन ट्रायफ्लोराइड विषारी आणि गंजवणारा वायू आहे, त्याचा दाब फार वाढवता येत नाही, म्हणून एका हेलियम नळीचे काम करायला त्याच्या दोन-तीन नळ्या लागतात आणि त्यांना विजेचा दाबही जास्त द्यावा लागतो. लेपाच्या नळीत विषारी वायूची भानगड नाही. तिची अडचण वेगळी, आणि ती आमच्याकडच्या शेतकऱ्याला लगेच समजेल.

बोरॉन-१० ने न्यूट्रॉन गिळला की अल्फा कण आणि लिथियमचे केंद्रक असे दोन तुकडे विरुद्ध दिशांना सुटतात. पण घन बोरॉनमधून ते मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढेच अंतर जाऊ शकतात. लेप त्याहून जाड दिला तर खोलवर घडलेली घटना आतच विझते. वायूपर्यंत तुकडा पोचत नाही आणि ठोका पडत नाही. त्यामुळे शुद्ध बोरॉन-१० चा लेप असला तरी एका थराला शंभरातले चार-पाच मंद न्यूट्रॉनच सापडतात. डोंगरउताराच्या वरकस जमिनीत माती वीतभरच असते, तिथे खोल नांगरून नाचणी जास्त येत नाही. जास्त पायऱ्या पाडल्या, जास्त बांध घातले, तरच पीक वाढते. नळीच्या बाबतीतही लेपाची जाडी वाढवून भागत नाही, लेपाचे क्षेत्रफळ वाढवावे लागते.

हेच काम ट्रॉम्बेला झालेले होते, टंचाईच्या बोंबेच्या आधी. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या पी. एम. दिघे, के. आर. प्रसाद आणि एस. के. कटारिया यांचा निबंध २००३ मध्ये न्यूक्लियर इन्स्ट्रुमेंट्स अँड मेथड्स या नियतकालिकात आला. बोरॉनचा लेप असलेल्या नळीच्या आत त्यांनी लेप दिलेल्या कंगणीसारख्या आडव्या पडद्यांची रांग बसवली, दुसऱ्या रचनेत एकाच आवरणात अनेक नळ्या ठेवल्या, आणि दोन्हींत न्यूट्रॉनची पकड वाढते हे मोजून दाखवले. त्यांच्यासमोर बंदराचे दार नव्हते. अणुभट्टीजवळ गॅमा किरणांचा वर्षाव असतो, तिथे वायूच्या नळ्या बिघडतात आणि लेपाची नळी टिकते, म्हणून त्यांना ती सुधारायची होती.

ट्रॉम्बेची ही सवय जुनी. ४ ऑगस्ट १९५६ ला अप्सरा अणुभट्टी चालू झाली, १९६० मध्ये सायरस. पी. के. अय्यंगार यांनी या भट्ट्यांतल्या न्यूट्रॉनच्या झोतावर स्फटिकांचा अभ्यास सुरू केला आणि त्यासाठी लागणारी उपकरणे इथेच घडवली गेली. त्या काळी जगभर न्यूट्रॉन मोजायचे ते बहुधा बोरॉन ट्रायफ्लोराइडच्या नळीनेच. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने सहकार्य थांबवले, पुरवठादार देशांनी दारे लावून घेतली आणि जे लागेल ते घरात बनवण्याला पर्याय राहिला नाही. ध्रुव अणुभट्टी १९८५ मध्ये सुरू झाली तोवर नळ्यांचे काम केंद्राच्या अंगवळणी पडलेले होते. त्यांनी हेलियमच्याही नळ्या बनवल्या, पण बोरॉन सोडला नाही. माझ्या मते यात द्रष्टेपणापेक्षा अडचणीचा वाटा मोठा. ज्याच्या घरात स्वस्त हेलियमची पिंपे येत नव्हती, त्याला चुलीजवळचा जुना डबा फेकण्याचे कारण नव्हते. नंतर जगाला त्याच डब्याची गरज पडली, एवढेच.

हा डबा आपल्या घरातलाही आहे. सोनार डाग देताना वापरतात तो टंकणखार, आजीच्या बटव्यातली सवागी, कॅरम बोर्डावर भुरभुरतात ती बोरिक पावडर, सगळ्यांत बोरॉन आहे आणि निसर्गातल्या बोरॉनच्या दर पाच अणूंतला एक बोरॉन-१० असतो. एके काळी टंकण तिबेट आणि लडाखकडून डोंगर उतरून येई; लडाखच्या पुगा खोऱ्यात तो उकळत्या झऱ्यांच्या कडेला साचतो. सोंगटी सरकवणारी ती पूड न्यूट्रॉन गिळते हे मुलांना सांगितले तर ती हसतात, पण ते खरे आहे. अर्थात चांगल्या नळीसाठी एक पंचमांश पुरत नाही, बोरॉन-१० वेगळा काढावा लागतो. दोन समस्थानिकांच्या वजनातला किंचित फरक पकडून पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करत जाण्याचे हे चिकाटीचे काम जड पाणी मंडळाने तेलंगणातल्या मणुगुरू आणि ओडिशातल्या तालचेर इथल्या आपल्या प्रकल्पांत उभे केले. कल्पक्कमच्या जलद अणुभट्टीच्या नियंत्रण दांड्यांना समृद्ध बोरॉन लागतो, मूळ कारण ते. दारावरच्या नळीला मिळतो तो त्या मोठ्या गरजेच्या पंगतीत बसून.

रायगडचा या गोष्टीशी आणखी एक धागा आहे. अलिबाग तालुक्यात थळला खत कारखान्याला जोडून जड पाण्याचा प्रकल्प १९८७ पासून चालतो. अमोनिया आणि हायड्रोजन यांच्या देवाणघेवाणीतून तिथे ड्यूटेरियम गोळा होतो. हे जड पाणी अणुभट्टीत गेले की वर्षानुवर्षे न्यूट्रॉन झेलून त्यातल्या ड्यूटेरियमचा थोडा थोडा ट्रिटियम होतो आणि ट्रिटियमचा कालांतराने हेलियम-३. टंचाईच्या वेळी अमेरिकेची नजर कॅनडाच्या डार्लिंग्टन अणुवीज केंद्राकडे वळली, कारण तिथे जड पाण्यातून ट्रिटियम काढून साठवण्याची व्यवस्था होती. म्हणजे बाँब न करताही हा वायू मिळू शकतो. घाई मात्र चालत नाही. आज साठवलेल्या ट्रिटियमपैकी निम्म्याचा हेलियम व्हायला बारा वर्षांवर काळ जावा लागतो आणि उरलेल्यातल्या निम्म्याला आणखी तितकाच.

बोरॉनच्या नळ्यांनी पुढे दारावरच्या खांबांत जागा मिळवली. पातळ लेप दिलेल्या अनेक बारीक नळ्या काड्यांच्या जुडीसारख्या एकत्र बांधण्याची तऱ्हाही आली. ती पाहिली की ट्रॉम्बेच्या पडद्यांची आठवण होते, कारण गणित तेच आहे. आपल्याकडे हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन असे खांब बनवते. त्यांत न्यूट्रॉनचा भाग असावा का, असा प्रश्न मी विचारणार नाही. बंदरावर तो हवाच. शिशाच्या पेटीतले प्लुटोनियम दुसऱ्या कशाने ऐकू येत नाही आणि एकदा जरी आले तरी पुरे आहे.

पण आमच्या शेजारातून फ्रान्सपर्यंत जे गेले, ते ओळखायला न्यूट्रॉनचे यंत्र लागत नव्हते. ना हेलियम, ना समृद्ध बोरॉन. भट्टीच्या फाटकावर प्लास्टिकची पाटी आणि तिचा आकडा पाहून ट्रक बाजूला घेण्याचा अधिकार असलेला एक माणूस, एवढेच पुरते. तेही माल वितळण्याआधी. दाणा भंगाराच्या ढिगात एका जागी असतो तोवर तो चिमट्याने उचलून शिशाच्या डब्यात टाकता येतो. भट्टीत गेला की तो टनावारी पोलादात सारखा पसरतो, आणि त्याच्या सर्वांत जवळ उभा असतो तो रस ओतणारा कामगार. बटण पॅरिसच्या लिफ्टमध्ये जाण्याच्या कितीतरी आधी त्याच्या हाताखालून गेलेले असते.

कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल ५.२७ वर्षांचा. २००८ मध्ये त्या पोलादात जेवढे होते, त्यातले आता अष्टमांशाच्या आसपास उरले असेल.